टेकडीवर पाणी वाहणाऱ्या गृहस्थांना

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात टेकडीवर झाडे जगवणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे दहा-बारा ओळींचे पत्र आले होते. नऊ वर्षे, आठवड्यातून तीन दिवस, पहाटे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन ते टेकडी चढत आले. पावसाळ्यात रोपे लावून फोटो काढणारी मंडळी आली आणि गेली, पण एप्रिलच्या उन्हात त्या रोपांना पाणी घालायला ते आणि त्यांचे एक मित्र एवढेच उरले. मित्र मागच्या वर्षी वारले, आणि यंदा कोणीतरी फेकलेल्या पेटत्या काडीने गवताला आग लागून करंज, आपटा, बहावा अशी त्यांनी स्वतः आळी करून वाढवलेली झाडे एका दुपारात होरपळली. इतकी वर्षे चांगले करून शेवटी पदरात काय पडले, असे विचारून, यापुढे आपण टेकडीवर जाणार नाही, असे त्यांनी पत्राच्या अखेरीस लिहिले होते.

मी ते कात्रण कापून ठेवले आहे, कारण ‘पदरात काय पडले’ हे त्यांचे शब्द माझ्या फार ओळखीचे आहेत. मी ख्रिस्ती आहे, आणि आमच्या पवित्र शास्त्रात जवळजवळ याच शब्दांत एक वचन आहे. गलतीकरांस, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांस, लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, ‘चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल.’ शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, असताना मी हे वचन पाठ केले, पुढे चौतीस वर्षे परिचारिकेची नोकरी करताना अनेकदा आठवले, आणि तरीही त्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर, तोही मी स्वतः एक चांगले काम अर्ध्यावर सोडून घरी बसले होते तेव्हा, थोडाफार समजला. त्या गृहस्थांना उपदेश करण्याचा मला काहीही अधिकार नाही. मला जे उशिरा समजले तेवढे त्यांच्यापर्यंत आपल्यामार्फत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

थकणे आणि खचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि शास्त्र आपल्याला थकायला कोठेही मना करत नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एकदा शास्त्राभ्यासाच्या वेळी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. या वचनात ‘खचलो’ असे जेथे भाषांतर आहे, तेथे मूळ ग्रीकमध्ये गात्रे सैल पडणे, त्राण जाणे अशा अर्थाचे क्रियापद आहे, आणि हेच क्रियापद शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, आणखी एका ठिकाणी येते. येशूच्या मागे तीन दिवस रानात राहिलेल्या लोकसमुदायाजवळ खायला काही उरले नव्हते, तेव्हा तो शिष्यांना म्हणतो की यांना उपाशी घरी पाठवले तर ते वाटेत गळून जातील. तेथे ‘गळून जाणे’ यासाठी जो शब्द आहे तोच पौलाच्या वचनात ‘खचणे’ यासाठी आहे. त्या लोकांना प्रभूने विश्वास वाढवा, धीर धरा असे काही सांगितले नाही. त्याने त्यांना जमिनीवर बसायला सांगितले आणि भाकरी मोडून वाढायला लावल्या.

एलीया संदेष्ट्याची हकिगतही अशीच आहे. मोठे काम करून, जिवावर बेतल्यामुळे पळून तो रानात गेला आणि रतामाच्या एका झुडपाखाली बसून, आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणाला. ‘आता पुरे’ हे शब्द त्या गृहस्थांच्या पत्रात नव्हते, पण ओळींच्या मागे तेच होते. देवदूत आला तो प्रवचन घेऊन आला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याने एलीयाच्या उशाशी ठेवला, त्याला खाऊ दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढची वाट लांबची आहे, एवढेच काय ते त्याला सांगितले. देव एका थकलेल्या माणसाशी कसा वागला याचे हे चित्र आमच्या चर्चच्या मंडळीत फार कमी वेळा सांगितले जाते, याचे मला वाईट वाटते. थकलेल्याच्या अंगावर आपण वचन फेकतो, आणि त्याच्या हातातला कॅन मात्र घेत नाही.

आता माझी हकिगत सांगते. पुण्याच्या परिघावरील कुष्ठरुग्णांच्या एका वसाहतीत मी निवृत्तीनंतर दर बुधवारी जखमांची मलमपट्टी करायला जाते. तेथील बहुतेक जण रोगातून पूर्ण बरे झालेले आहेत. १९८०च्या दशकापासून जे बहुविध औषधोपचार आले त्यांनी सहा किंवा बारा महिन्यांत जंतू मरतात, गोळ्या मोफत मिळतात, आणि २००५ सालाच्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाल्याचे जाहीर झाले, त्यामुळे हा रोग संपला अशीच बहुतेकांची समजूत आहे. परंतु ज्यांच्या नसा औषधापूर्वीच गेल्या, त्यांच्या पायांतली बधिरता गोळ्यांनी परत जात नाही. खडा टोचलेला कळत नाही, चुलीचा चटका कळत नाही, चपलेचा खिळा तळव्यात घुसला तरी माणूस चालत राहतो. तळव्याला घट्टा पडतो, घट्ट्याखाली जखम होते, ती महिना-दीड महिना पाय टेकू न देता जपली तर भरते, आणि माणूस पुन्हा कामाला लागला की त्याच जागी पुन्हा उघडते. बादलीत साधे पाणी घ्यायचे, गरम मुळीच नाही, कारण भाजलेले कळणार नाही. वीस मिनिटे पाय भिजवायचे, खरबरीत दगडाने घट्टा हलक्या हाताने घासायचा, पाय ओलसर असतानाच खोबरेल तेल लावायचे, आणि रोज रात्री आरसा धरून तळवा पाहायचा. हे मी शेकडो वेळा करून दाखवले आहे, आणि शेकडो वेळा तीच जखम पुन्हा बांधली आहे.

एका मध्यमवयीन गृहस्थांचा पाय मी आठ महिने जपला. जखम इतकी सुंदर भरून आली होती की मला अभिमान वाटे. मऊ रबरी तळाची खास चप्पल त्यांना मिळवून दिली होती. भाचीच्या लग्नात ती चप्पल लोकांच्या नजरेत येते म्हणून त्यांनी साधे बूट घातले आणि दोन दिवस त्या बुटांत वावरले. मी पाहिले तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पुढे पायाचा पुढचा भाग काढावा लागला. मला दुःख झाले त्यापेक्षा राग अधिक आला, आणि तो राग मी कोणाशीही न बोलता चार महिने घरी बाळगला. बुधवार येई आणि जाई. आपण चांगले केले आणि आपल्या पदरात हे पडले, असेच माझ्या मनात होते.

चार महिन्यांनी तेथील एका आजींची तब्येत बरी नसल्याचे कळले म्हणून, पुन्हा सुरुवात करायची असे काही मनात नसताना, मी गेले. अंगणात तीन बादल्या मांडलेल्या होत्या आणि पायऱ्यांवर पाच-सहा जण पाय भिजवत बसले होते. बोटे आखडलेल्या हातांनी आजी एकेकाचा पाय मांडीवर घेऊन आरशात तळवा बघत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “सिस्टर, तुमी आला न्हाई, मंग पाय कुनी बघायचे? म्हनून आमीच बघितले.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी तेथेच पायरीवर बसले. आठ महिने जो पाय मी माझे पीक समजत होते तो गेला होता, आणि ज्या आजींना केवळ माझ्याशेजारी बसायची सवय म्हणून मी कधी मोजलेसुद्धा नव्हते, त्यांनी पाहून-पाहून सगळे शिकून घेतले होते.

‘यथाकाळी’ हा शब्द मला त्या दिवसापासून वेगळा ऐकू येऊ लागला. माझे माहेर शिरूर तालुक्यातले, कमी पावसाचे. आमच्या काळ्या भारी जमिनीत वडील शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, करत. जून-जुलैत शेजारच्या हलक्या रानांत बाजरी-मूग हिरवेगार डोलत असत, आणि आमचे रान मोकळे. पण वडील त्या मोकळ्या रानात पावसाच्या प्रत्येक उघडिपीला कुळवाची पाळी घालत, तण काढत, ओल जमिनीत मुरवत. लहानपणी मला त्याची लाज वाटे, की सगळ्यांच्या शेतात काहीतरी दिसते आणि आमचे अण्णा नुसती माती उकरत बसतात. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पाभर चाले, आणि मग थंडीत जेव्हा आजूबाजूला काही उरलेले नसे, तेव्हा त्या मुरलेल्या ओलीवर शाळू उभा राही आणि माघ-फाल्गुनात काढणीला येई. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात शेतकरी पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहत धीर धरतो असे म्हटले आहे. पॅलेस्टाइनमधला पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, म्हणजे याकोबाच्या शेतकऱ्याची पेरणी आमच्या शाळूनंतर थोड्याच दिवसांनी होत असणार, हे मोठेपणी कळले तेव्हा मला अण्णांची फार आठवण झाली. त्यांना धीर धरायचा म्हणजे हात बांधून बसायचे असे कधी वाटलेच नाही. ज्या महिन्यांत रानात काहीच दिसत नव्हते, त्याच महिन्यांत त्यांचे खरे कष्ट होते.

पुणेकरांना जवळचे उदाहरण हवे असेल तर दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरावे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत १८८९ साली सुरू केलेले शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची निवासी शाळा, दुसऱ्याच वर्षी पुण्यात आणले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद झाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी दूर झाली आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते हे आज येथे उकरण्याचे कारण नाही. मला एवढेच दिसते की, ज्या कामासाठी बाईंनी परदेशांत हिंडून पैसा उभा केला होता ते काम चार वर्षांतच रिकामे होते की काय अशी वेळ आली होती, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर जे उभे राहिले तेच मुक्ती मिशन.

पण रमाबाईंच्या आयुष्यातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम त्यांनी एकटीने हाती घेतले आणि कित्येक वर्षे चालवले. ऐकू येणे कमी होत गेले होते. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही त्या लिहीत राहिल्या, आणि काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ साली. त्यांनी तो पाहिला नाही. खरे सांगायचे तर आज आमच्या उपासनेत जे बायबल वाचले जाते ते त्यांचे भाषांतर नव्हे. मग त्यांच्या पदरात काय पडले, असे कोणी विचारू शकेल. ज्या मुलींना दुष्काळातून आणले त्यांनीच केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते त्यांच्या हातांनी पाने तयार झाली. माझ्या दृष्टीने ते पीक पुस्तकाच्या खपाहून कमी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही तसेच झाले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचे काव्य अकरा अध्यायांवर सोडून ते १९१९ साली गेले, पुढचे बहुतेक सगळे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले, १९३६ साली त्याही गेल्या आणि शेवट त्यांच्या मुलाने केला. एकाने सुरू केलेले दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने पुरे केले.

येथे एक सावधगिरी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वॉर्डात काम करताना मी अशा बाया पाहिल्या आहेत की ज्यांचा हात नवऱ्याने पिरगाळून मोडला होता आणि ज्यांना घरच्यांनी, कधी कधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही, धीर धर, सोसत राहा, देव फळ देईल, असे सांगून परत पाठवले होते. पौलाचे वचन त्यासाठी नाही. तो चांगले करीत राहा म्हणतो, मार खात राहा म्हणत नाही. अन्याय सोसणाऱ्या माणसाला तेथून बाहेर काढणे हे चांगले करणे होय, आणि त्या कामाचा कंटाळा आपण करू नये, असा त्याचा अर्थ मी घेते. आणि दुसरे असे की, याच वचनाच्या पुढच्या ओळीत, संधी मिळेल तसे ‘सर्वांचे’ बरे करावे असे आहे. ख्रिस्ती माणसाने केलेल्या सेवेमागे काही हेतू असावा अशी शंका आपल्या शहरात अजून घेतली जाते, आणि तिला इतिहासात कारणेही आहेत हे मी नाकारत नाही. माझ्या बुधवारच्या बादल्यांपुढे बसणाऱ्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, दोन ख्रिस्ती आहेत. कोणाचा तळवा कोणत्या धर्माचा, हे जखम पाहताना कळत नाही आणि मी विचारतही नाही. मी जाते ती माझा प्रभू तसा वागला म्हणून, आणि कोणी विचारले तर तेवढे सांगते.

हे सगळे त्या टेकडीवरच्या गृहस्थांना मी का सांगत आहे? होरपळलेल्या झाडांबद्दल मला फारसे ज्ञान नाही. आपट्यासारखी झाडे वरून जळाली तरी मूळ जिवंत असेल तर पहिल्या पावसानंतर बुंध्यापासून फुटतात, असे गावाकडे पाहिले आहे. यंदा त्यांची किती फुटतील हे मी सांगू शकत नाही, आणि फुटतीलच असा खोटा धीरही देणार नाही. काही मेलीच असतील. त्यांचे मित्रही गेलेले आहेत, आणि दोघांचे ओझे एकट्याने वाहण्याचे हे त्यांचे पहिलेच वर्ष होते. ते खचले असे मी म्हणत नाही. माझ्या मते ते थकले आहेत, आणि त्यांना काही महिने टेकडीवर न जाण्याचा पूर्ण हक्क आहे. चार महिने मीही गेले नव्हते.

मात्र त्यांच्या विश्रांतीच्या काळात पाणी कोणी घालायचे, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहू नये. गेल्या रविवारी उपासनेनंतर मी त्यांचे पत्र आमच्या तरुण संघात वाचून दाखवले. सहा मुला-मुलींनी नावे दिली आहेत. त्यांतल्या एकाने वनस्पतिशास्त्र घेतले आहे आणि पावसाळा संपल्यावर, गवत वाळण्यापूर्वी, रोपांभोवतीचे गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, कशी काढायची हे त्याने विचारून ठेवले आहे. वनविभागाची परवानगी कोठे मागायची तेही तो पाहणार आहे. पाच लिटरचे आठ कॅन आमच्याकडे आहेत. माझे गुडघे टेकडी चढू देत नाहीत, तरी मी पायथ्याशी चहाचा थर्मास घेऊन बसेन.

त्यांनी आम्हाला फक्त एकदा बरोबर येऊन झाडे कोठे आहेत, कोणती जिवंत वाटतात आणि पाणी कोठून भरतात, एवढे दाखवावे. ते तेवढेही जमत नसेल तर कागदावर खुणा करून दिल्या तरी चालेल. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. त्यांच्या परवानगीने आपण तो त्यांना कळवावा, ही विनंती. शनिवारी सकाळी साडेपाच ते आठ ही वेळ मुलांना सोयीची आहे, परंतु त्यांचे नेहमीचे वार वेगळे असतील तर आम्ही ते पाळू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
रास्ता पेठ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)